सरकती सीट आणि कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या गाडीची सीट मी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली, कारण तसा शब्द मी एका कावळ्याला दिला होता.

गाडी माझ्या वडिलांची, अण्णांची. जुनीच घेतलेली, पण ड्रायव्हरची सीट बटणावर मागेपुढे सरकणारी! भोरला घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी त्या सीटवर बसावं लागे. पुढे आतल्या गिअरचे दाते झिजले. बटण दाबलं की नुसती घरघर! सीट अडकली ती पार मागे, सहा फुटी अण्णांच्या मापाला. माझा पाय ब्रेकला पोचायचा तो फक्त अंगठ्यानं. "रविवारी बघू," अण्णा म्हणायचे. असे बरेच रविवार गेले, आणि मग अण्णाच गेले.

दहाव्याला नीरेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा झाडावर बसला, आमच्याकडे पाठ करून.

"दादा, वहिनीला अंतर देनार न्हाई!" आप्पाकाका ओरडले. कावळा हलेना.

"पोरीचं लगीन थाटात करू!"

"काका," मी हळूच म्हटलं, "माझी मुलगी कॉलेजात आहे."

"सवयीनं गेलं तोंडातनं. मग तू बोल की! एवढी बुकं वाचलीस ती कशासाठी?"

मी ग्रंथपाल. (सगळी नोकरी लोकांना गप्प करण्यात गेली.) पण पाहुणे सकाळपासून उपाशी होते. मी पुढे झाले. "अण्णा, सीट मी दुरुस्त करते. माझ्या हातानं."

वाक्य संपतंय तोवर कावळा पिंडावर! सगळे गहिवरले. मी तर रडलेच.

परतताना काका म्हणाले, "अगं, 'करते' कशाला म्हनालीस? 'करून घेते' म्हनायचं हुतं!"

एवढी पुस्तकं वाचून चूक झाली ती क्रियापदात!

महिन्यानं आईला माहेरी, वेल्ह्याला न्यायचं होतं. सीट झाल्याशिवाय ती गाडीत बसेना. "त्यांचा जीव अडकलाय त्यात." कापूरहोळचे गॅरेजवाले रहीमचाचा नवा गिअर घेऊन घरी आले. म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम, ताई. तुमी च्या ठेवा."

"न्हाई, न्हाई!" आई म्हणाली. "हिनं कावळ्याला शब्द दिलाय."

चाचांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "मग आमी न्हाई बा हात लावत. ह्यो घ्या गिअर."

अंगणात मी बॅटरीची वायर काढली, बोल्ट सोडले, सीट उलटी केली. खाली चष्म्याची काडी, सुपारी, आणि पेढ्यांचे कागद. बरेच!

"साखर हुती ना यांना?" आई म्हणाली. "म्हंजी गाडीत बसून खायचे! थांब, बोलते मी फोटोशी."

गिअर बसला. मधेच बटण निसटून हातात आलं होतं, तेही मी ठोकून बसवलं. (जरा तिरकं. पण त्यात काय!) दाबलं, आणि सीट दोन बोटं पुढे सरकली! आईनं फोटोला सांगितलं, "झाली हो!" पेढ्यांचं नंतरवर ठेवलं.

वेल्ह्यात मामाच्या दारात गाडी उभी केली. मामाला चमत्कार दाखवावा म्हणून मी पुन्हा बटण दाबलं. तिरकं बटण अडकलं. सीट पुढे निघाली, आणखी पुढे, आणि शेवटी माझं पोट हॉर्नवर! डोळ्याला पदर लावून बायका गळा काढत होत्या, पण ऐकू येतंय कुणाला?

"ताई आली का यष्टी आली?" मामा ओरडला.

आईनं रडायला तोंड उघडलं आणि तिला हसू फुटलं. महिन्यातलं पहिलं. मामानं सीटची पाठ आडवी पाडली, आणि मी मागच्या दारातून रांगत माहेरच्या माणसांसमोर आले.

गाडी अजून तिथंच आहे. पण काम बिघडलं, हे मला मान्य नाही. सीट पुढे सरकत नव्हती, ती सरकली. मागे येण्याबद्दल कावळ्याशी बोलणं झालं नव्हतं.

परतीच्या यष्टीत आईनं तिकिटं बटव्यात ठेवली. मग म्हणाली, "माझ्या दहाव्याला कावळा दिवसभर बसू दे झाडावर, तू तोंड उघडू नगंस. आनि उघडलंसच, तर 'करून घेते' म्हन!"