पांढरा सोडलेला भाग

अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवताना मी मुलांना एक सवय लावली होती: उत्तर आलं की ताळा करायचा. पुढे समाजशास्त्रात पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा मला स्वतःलाच ही सवय जरा उशिरा आठवली.

विषय होता ग्रामीण स्त्रियांचा दिवस. अंजनगाव सुर्जीजवळच्या पानमळ्यांच्या एका गावात मी घरोघर जाऊन प्रश्नावली भरली. त्यात एक प्रश्न होता, ‘आपण काम करता का?’ बहुतेकींनी नाही म्हटलं; मी ‘नाही’वर खूण केली. मग वृत्तालेख काढला. मजुरीला जाणाऱ्या, नोकरी करणाऱ्या असे भाग रंगवले आणि काम न करणाऱ्यांचा, सर्वांत मोठा भाग पांढरा सोडला. मार्गदर्शक सरांना आलेख आवडला. एका नजरेत कळतो, असं ते म्हणाले.

ताळा म्हणून तो आलेख घेऊन मी त्या गावात परत गेले. ओसरीवर विड्याची पानं निवडत बसलेल्या एका काकूंना दाखवला, पांढऱ्या भागाचा अर्थ सांगितला. त्यांचे हात थांबले नाहीत.

“मॅडम, मले रिकामी कावून दाखवली? तुमी कागद भरून राहिल्या होत्या, तवा माह्या हातात काय होतं?”

पानंच होती. मी ती पाहिली होती, आणि तरी खूण केली होती. आतून त्यांची सून म्हणाली, “आत्याबाई, कागदावर तरी गोऱ्या झाल्या तुमी.” काकू हसल्या. मला हसता आलं नाही.

तिकडे दुसऱ्याच्या शेतात जाणं म्हणजे काम. आपल्या मळ्यातलं ते घरचं. याच मुलखात वाढलेल्या मला हे ठाऊक असायला हवं होतं. मी प्रश्न बदलला: उठल्यापासून काय काय केलंत? प्रत्येकीसाठी एक आडवी पट्टी आखली. पट्टीत चोवीस घरं, एक घर म्हणजे एक तास. कोरी घरं फक्त झोपेची. पांढरं तेवढंच उरलं.

सरांनी पट्ट्या नाकारल्या. मजुरी नसेल तर ते काम धरायचं नाही, हा त्यांचा नियम. “पट्ट्या गाळा, उद्या सही करतो,” ते म्हणाले. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध सादर होत नाही.

त्यानंतर अकोल्याच्या एका चर्चासत्रात मी दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवले. अध्यक्षांनी विचारलं, “बाई, हा आलेख आहे की रेल्वेचं वेळापत्रक?” सभागृह हसलं. हसू ओसरेपर्यंत मी थांबले, मग वर्गात सांगावं तसं सांगितलं: डावीकडून वाचायला सुरुवात करा, पहिलं रंगवलेलं घर कितव्या तासाचं आहे ते पाहा. मागच्या रांगेतल्या एक प्राध्यापिका वहीत स्वतःची पट्टी आखू लागल्या.

सरांची सही अजून झालेली नाही. पट्ट्या गाळल्या का, असं ते भेटीगणिक विचारतात. मी नाही म्हणते. वृत्तालेखही मी प्रबंधातून काढलेला नाही. तो पहिल्या क्रमांकावर आहे, आणि त्याखाली सूची दिली आहे: पांढरा भाग म्हणजे ज्यांचं काम संशोधिकेने डोळ्यांनी पाहिलं आणि नोंदवलं नाही अशा स्त्रिया.