डाव्या पायाचा मोजा

गल्लीत त्यांना सगळे एकमोज्या म्हणत, तेही तोंडावर. म्हाताऱ्याला त्याचं काही वाटत नसे. सगळा जन्म बस डेपोत इंजिनं धुण्यात गेला होता आणि तिथली एक रीत अंगात मुरली होती; आता गल्लीतल्यांच्या गाड्या धुतानाही ती सुटली नव्हती. बॉनेट उघडलं की डाव्या पायाचा मोजा काढायचा आणि इंजिन जिथून हवा ओढतं त्या नळीच्या तोंडात कोंबायचा, म्हणजे पाणी आत जात नाही. डेपोतले बाकीचे चिंधी कोंबत आणि विसरून जात. उघड्या पायाला मात्र बूट चावतो, आणि तो विसरू देत नाही. काम संपलं की मोजा परत पायात. ही साधी गोष्ट त्यांनी कधी कुणाला समजावून सांगितली नाही. सुनेलाही नाही.

सून सुईण होती. मुलगा जहाजावर, घरात ही दोघंच. "जेवण झाकून ठेवलंय" आणि "बरं" एवढ्या बोलण्यावर दिवस निघत. तिची जुनी गाडी खाऱ्या वाऱ्यानं आतून गंजत चालली होती. बॅटरीच्या टोकांवर पांढरट हिरवा थर चढला होता आणि परवा तर गाडी सुरूच व्हायला तयार नव्हती. "आज धुतो," म्हातारा म्हणाला. "जपून हं," ती म्हणाली, आणि ते त्यांना चांगलंच झोंबलं. इंजिनं धुता धुता केस पांढरे झालेल्या माणसाला जपून म्हणे!

इंजिन हाताला गार लागेपर्यंत ते थांबले. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडली, फ्यूजच्या पेटीवर आणि डायनामोवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, मोजा नळीत कोंबला. टोकांवरचा थर खायच्या सोड्याच्या पाण्यानं फसफसवून घासून काढला. बाकी इंजिनाला साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि हलकी धार. जोराचा फवारा मारणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. ते पाणी तारांच्या जोडांत शिरतं आणि गंज आतल्या आत खात राहतो. एकेक जोड पुसून, सायकलच्या पंपानं हवा मारून ते वाळवत होते, तेवढ्यात सून बाहेर आली. हातात नवे लोकरी मोजे.

"बाबा, किती दिवस बघतेय, तुमचा एक पाय उघडाच असतो. घाला बघू हे. थंडी पडलीय."

म्हातारा गडबडला. तिनं आपल्यासाठी काही आणलं हेच नवीन होतं. नाही म्हणायला जीभ रेटेना. पायरीवर बसून त्यांनी निमूटपणे दोन्ही मोजे चढवले. डोळे उगाचच भरून आले होते.

आणि तिचा फोन वाजला. डोंगरावरच्या वस्तीत एक पहिलटकरीण अडली होती, बाळ पायाळू होतं.

"बाबा, गाडी?"

त्यांनी भराभर पिशव्या सोडल्या, सगळ्यात शेवटी तार जोडली. टोकांना व्हॅसलीन फासायचं राहिलं होतं, ते तसंच ठेवून बॉनेट लावलं. "निघ!" गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि म्हाताऱ्याची छाती फुगली.

बादली उचलताना मात्र त्यांना चुकल्यासारखं वाटू लागलं. काहीतरी राहिलं होतं. पायाला छान ऊब येत होती, बूट चावत नव्हता.

बूट चावत नव्हता! हातातली बादलीच सुटली.

फोन वाजून वाजून थांबला; गाडी चालवताना ती उचलत नसे. सपाटीवर मोज्यातून झिरपणाऱ्या हवेवर इंजिन कसंबसं चालेल, पण घाटात जोर लावला की गुदमरणार. ते समोरच्या पाववाल्याकडे धावले.

"स्कूटर काढ!"

"अरे पण झालं काय, एकमोज्या?"

"आज दोन आहेत म्हणूनच बोंब आहे! काढ आधी!"

घाटात प्रत्येक वळणावर म्हातारा मान लांब करून बघत होता. वर एक पोर अडून पडलीय, तिच्या बाळाचे पाय आधी आलेत, आणि आपण सुईणीची वाट एका मोज्यानं बुजवून ठेवली. पाववाला काहीतरी विचारत होता, ते त्यांच्या कानात शिरत नव्हतं.

गाडी एका चढावर बंद पडली होती. सून पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होती आणि दर वेळी स्टार्टरचा आवाज खोल जात होता.

"थांब! फिरवू नकोस!"

बॉनेट उघडून त्यांनी नळीत बोटं घातली. मोजा आत ओढला गेला होता. नख तुटलं, पण निघाला.

"हे काय?"

"माझा मोजा. तू नवे दिलेस आणि हा आत राहिला. माझी चूक, पोरी."

तिनं किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, थांबला, पुन्हा कण्हला आणि इंजिन सुरू झालं.

"बसा," ती म्हणाली.

वस्तीतल्या त्या घराचं दार तिच्या मागे बंद झालं. आतून ओरडणं ऐकू येत होतं. म्हाताऱ्याला बाहेर बसवेना. त्यांनी बॉनेट उघडलं, खिशातली व्हॅसलीनची डबी काढली आणि बोटानं बॅटरीची टोकं माखू लागले. मग ओरडणं थांबलं. काहीच ऐकू येईना. बोट टोकावर तसंच राहिलं. आणि मग आत बाळ रडलं. म्हातारा बॉनेट लावून चाकाला टेकून खालीच बसला.

सून बाहेर आली. "मुलगी. दोघी ठीक आहेत." तिनं गाडीचं दार उघडलं आणि बंद बॉनेटकडे बघून थांबली.

"बाबा, पाय दाखवा."

त्यांनी विजार वर करून दोन्ही पाय पुढे केले. तिनं वाकून नीट बघितले, मगच किल्ली फिरवली.