तळाशी सात

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तैवानकाकांनी आयुष्यात एकही वस्तू आधी सुलटी पाहिलेली नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. वस्तू हाती आली की ती आधी उलटी. मग चष्मा कपाळावर, डोळे बारीक, नाक वस्तूच्या बुडाला टेकेल इतकं जवळ, आणि त्यानंतर एकतर निराशेचा सुस्कारा, नाहीतर अख्ख्या बाडहूव्हडॉर्पला, म्हणजे आमच्या या डच गावाला, ऐकू जाईल असा जयघोष, "आमचं!" आम्ही या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी काका स्वागताला म्हणून चिवड्याचा डबा घेऊन खाली आले. डबा माझ्या हातात पडायच्या आत त्यांची नजर कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या खोक्यावर गेली. ते त्यांनी उचललं, उलटं केलं, त्याच्या सगळ्या वायरी निसटल्या, माझ्या नवऱ्याची ऑफिसची मीटिंग वाक्याच्या मधोमध गेली, आणि काका हर्षभरित होऊन म्हणाले, "आमचं आहे!" नवऱ्याला वाटलं, आधीच्या भाडेकरूकडे यांचं काहीतरी राहून गेलं असावं. तो बिचारा म्हणाला, "मग घेऊन जा ना."

'आमचं' म्हणजे कंपनीचं, हा उलगडा दुसऱ्या चहाला झाला. काका एका तैवानी कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात काम करायचे. केंद्र विमानतळाच्या बाजूला, आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. त्या कंपनीचं नाव मी सांगितलं तरी तुम्हाला कळणार नाही, आणि काकांच्या मते तिचा मोठेपणा तोच. ती सगळं बनवते आणि नाव दुसऱ्याचं लागतं. तिचे संस्थापक, ज्यांना काका नुसतं 'चेअरमन' म्हणत आणि म्हणताना किंचित उभे राहत, त्यांनी तैपेईबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओच्या खाली लावायचे रबरी पाय बनवायला सुरुवात केली. रेडिओ नव्हे, फक्त पाय. मग रेडिओवाले म्हणाले, पाय चांगले आहेत, बुडाचं झाकणही तुम्हीच करा. झाकण झालं. मग झाकणातले स्क्रू, मग वायर, मग आतली पट्टी, मग कीबोर्ड, मग अख्खा कॉम्प्युटर. "पायापासून चढत चढत गेलो आम्ही," काका सांगत, "वर फक्त नाव उरलं, ते आम्ही त्यांना ठेवू दिलं." पुढे चीन, व्हिएतनाम, मेक्सिको. काका हे सगळं असं सांगत, की कंपनी नव्हे, त्यांची पुतणीच एकेक परीक्षा पास होत निघाली आहे. तरुणपणी पिंपरीच्या कारखान्यातून त्यांना सहा महिने तैवानला शिकायला पाठवलं होतं. तिथं चेअरमननी एकदा स्वतःच्या हातानं पेर कापून या पोराला अर्धा दिला, आणि म्हणाले, "नाव वर असतं, पण वजन खालचे पाय पेलतात." त्या अर्ध्या पेरावर काकांनी तीस वर्षं याच कंपनीत, शेवटी इथल्या केंद्रात, काढली. लग्नाचं राहूनच गेलं.

तिथंच त्यांना तपासनीसाचा नंबर मिळाला, सात. तपासून पास केलेल्या वस्तूच्या तळाला सात लिहिलेला हिरवा गोल स्टिकर लावायचा, हे काम. ती सवय हाडात इतकी मुरली होती, की आमच्या घरातली वस्तू त्यांनी नीट केली आणि तिच्या बुडाला सात चिकटला नाही असं झालं नाही. मिक्सर झाला, इस्त्री झाली, माझ्या मुलीची, ईराची, सायकल झाली. एकदा तर मी केलेलं थालीपीठ चाखून त्यांनी तव्याखाली स्टिकर लावला. तो पुढच्या वेळी जळला आणि आठवडाभर स्वयंपाकघराला कारखान्याचा वास येत राहिला. आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरीणबाईंकडे, त्यांचं ब्लडप्रेशर मोजायला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी हाताला पट्टा बांधलेला असतानाच मशीन उलटं केलं. आकडा भलताच आला. डॉक्टरीणबाई घाबरल्या, काका मात्र "आमचं!" म्हणून इतके खूश, की दुसऱ्यांदा मोजल्यावर आकडा आणखी वर गेला.

आणि मग महामारी आली. सगळं जग घरात बसलं, आणि घरात बसलेल्या जगाला एकाच दिवशी लॅपटॉप, कॅमेरे, कानातली बोंडकं आणि इंटरनेटची खोकी हवी झाली. मी स्लोटरडाइकच्या चकचकीत ऑफिसातून उठून स्वयंपाकाच्या टेबलावर आले, नवरा बेडरूममध्ये, ईराची शाळा सोफ्यावर. आम्ही तिघं कावलेलो, आणि वरच्या मजल्यावर दिवाळी! रोज सकाळी काका दुरुस्ती केंद्रावर निघताना सायकलवरून ओरडून बातमी देत. "ताई, मेक्सिकोत तिसरी पाळी सुरू!" दुसऱ्या दिवशी, "व्हिएतनामला नवीन शेड!" रस्ते ओस, विमानतळावर विमानं ओळीनं झोपलेली, आणि त्यांच्या बाजूनं हा एक माणूस शीळ घालत सायकल हाणतोय. आम्ही पुण्याच्या गुरुजींकडून ऑनलाइन सत्यनारायण करवला तेव्हा काका दीड मीटरचं अंतर पाळून दारात बसले होते. चौथ्या अध्यायापर्यंत त्यांनी धीर धरला. मग आत आले आणि सॅनिटायझर लावलेल्या हातांनी लॅपटॉप अलगद उलटा केला. गुरुजी पडद्यावर वटवाघळासारखे लटकू लागले. त्यांना आमचं छत दिसत होतं. "यजमान, सर्व कुशल आहे ना?" त्यांनी कापऱ्या आवाजात विचारलं. "कुशल म्हणजे काय, आमचं आहे!" काका म्हणाले.

पण या वाढीतच एक खोच होती, आणि ती काकांनी आम्हाला पहिल्या उन्हाळ्यात, जिन्यात, मास्कच्या आडून सांगितली. कंपनी इतकी फुगली होती, की युरोपातली छोटी छोटी दुरुस्ती केंद्रं बंद करून पोलंडमध्ये एकच भलं मोठं केंद्र उभारायचं ठरत होतं. बाडहूव्हडॉर्पचं केंद्र वर्ष-दीड वर्षात मिटणार. काकांनी एकतर पोलंडला जायचं, नाहीतर घरी बसायचं. "कंपनी वाढतेय, आनंदाचीच गोष्ट आहे," ते म्हणाले. वाढीचा झेंडा तीस वर्षं स्वतःच नाचवलेला, आता तक्रार कोणत्या तोंडानं करणार? ईराला घरात मराठी समजतं पण उत्तर ती डचमध्ये देते, आणि काकांना 'ओम तैवान' म्हणते, ओम म्हणजे काका. तिनं त्या दिवशी जेवताना एवढंच विचारलं, की ओम तैवान गेले तर माझी सायकल कोण बघणार. सायकल धडधाकट होती.

त्या वर्षीच्या गणपतीत काकांनी स्वतःचाच कारखाना काढला. झालं असं, की कुणाला कुणाकडे जाता येईना, आणि इथल्या निम्म्या मराठी घरांत उकडीचे मोदक जमत नाहीत हे उघड गुपित. मोदक दरवर्षी कुणीतरी एक करायची आणि बाकीच्या "किती छान गं" म्हणत खायच्या. काकांनी तळमजल्यावरच्या नागपूरकर जोडप्याला सारण दिलं, आम्हाला उकड दिली, समोरच्या इमारतीतल्या कोल्हापूरकरांना वाफवणं दिलं, आणि कळ्या पाडणं स्वतःकडे ठेवलं. सारणाचं पातेलं आमच्या दाराशी ठेवून नागपूरकरांनी दोन पावलं मागं सरायचं, बेल वाजवायची, असा सगळा शिस्तीचा मामला. सकाळी साडेसातला आम्हा सगळ्यांकडून गॅलरीत हातपाय हलवायचे व्यायाम, कारण तैवानच्या शेडमध्ये तसेच होत. नागपूरकर दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "हे गणपतीचं चाललंय का पलटणीचं?" पण खाली वाकून पायाचे अंगठे मात्र धरले. प्रत्येक मोदकाला बरोबर एकोणीस कळ्या, ना अठरा, ना वीस. ईराला त्यांनी मोजायला बसवलं. शाळेत गणिताला तोंड वाकडं करणारी ती पोरगी काकांच्या चष्म्याच्या काडीनं कळ्या मोजत तासन्‌तास बसली.

आणि धंद्याची गोम अशी, की डब्यावर नाव घालायचं ते मोदक घेणाऱ्या घरचं. कळलं ना? मोदक आमचे, नाव तुमचं. आम्स्टेलवेनच्या वहिनींच्या डब्यावर त्यांचं नाव, आइंडहोवनच्या दोन इंजिनिअर घरांचं त्यांच्या डब्यांवर, नायमेखनला संशोधन करणाऱ्या बाईंचं त्यांच्या. माझा नवरा गाडीनं पोचवून यायचा, दाराशी ठेवून पळायचा. पहिल्या दिवशी एकवीस मोदक, तिसऱ्या दिवशी चार गावं, पाचव्या दिवशी काका वहीत मेक्सिकोसारखी तिसरी पाळी आखत होते, आणि माझ्या बोटांना उकड मळून मळून फोड आले होते. मी कुरकुरले तर म्हणाले, "ताई, वाढताना अंग दुखतंच."

मग ऑनलाइन आरती झाली. पडद्यावर तीसेक खिडक्या. आरतीनंतर प्रत्येक वहिनी आपापला नैवेद्य कॅमेऱ्यासमोर धरून, "छे हो, आपलं घरगुती, जमेल तसं केलं," असं लाजत सांगू लागली. आइंडहोवनच्या खिडकीत त्या घरच्या सासूबाई सांगलीहून आलेल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकलेल्या. नजर घारीची. त्या म्हणाल्या, "अगं बाई, सगळ्यांच्याच मोदकांना एकोणीस कळ्या कशा गं?" नायमेखनच्या बाईंनी धीर करून सांगितलं, "ही माझ्या आईची पद्धत आहे." इथं काका गप्प बसते तर सगळं निभावलं असतं. पण दुसऱ्याच्या नावाखाली तीस वर्षं सुखानं नांदलेल्या या माणसाला त्या क्षणी काय झालं कुणास ठाऊक. त्यांनी माईक चालू केला, आपला मोदक उचलला, उलटा केला आणि आवाज दिला, "खाली बघा!" एकेका खिडकीत एकेक मोदक उलटा झाला. प्रत्येकाच्या बुडाला उकडीत उमटलेला बारीकसा सात. साच्याचा शिक्का मारला होता गृहस्थानं, आम्हालाही न सांगता! "झेफन!" ईरा किंचाळली, म्हणजे सात. सासूबाई पोट धरून हसल्या, मग सून हसली, मग तीसही खिडक्या. नायमेखनच्या बाईंचा कॅमेरा मात्र बराच वेळ बंद राहिला.

अब्रू गेली ती गेली, पण पुढच्या वर्षी मागणी दुप्पट. आता सगळ्या उघड उघड मागू लागल्या, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, की काका, पोलंड सोडा, इथंच राहा, स्वतःचं काहीतरी सुरू करा. आम्हीही तेच टुमणं लावलं. ईरानं तर मला त्यांचं पूर्ण नाव विचारून घेतलं, पुठ्ठ्याचा एक डबा रंगवला आणि वर मोठ्या देवनागरी अक्षरांत, एक वेलांटी चुकवून, लिहिलं : अमुक अमुक यांचे मोदक. ती मराठीत स्वतःहून लिहिलेली तिची पहिली ओळ. काकांनी डबा हातात घेतला. सवयीनं उलटा केला. खाली काहीच नव्हतं. मग सुलटा केला आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मी त्यांना कुठल्याही वस्तूकडे वरून बघताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पण मास्क उतरले त्या वसंतात ते गेलेच. नव्या केंद्रात शेकडो नवी पोरं भरली होती आणि त्यांना शिकवायला जुनं माणूस हवं होतं. चेअरमनच्या सहीचं पत्र आलं होतं, आता त्या पत्राला नाही कसं म्हणायचं? निघायच्या सकाळी किल्ली द्यायला खाली आले, आणि उंबऱ्यात थांबून म्हणाले, "कंपनी वाढली. व्हायला हवा तेवढा आनंद झाला, ताई. पण वजन खालचे पेलतात म्हणायचे ना चेअरमन, तर इथं माझ्या खाली तुम्ही होतात. तिकडे मला तळमजला मिळालाय." मग ईराच्या सायकलची घंटी एकदा वाजवून बघितली आणि गेले. मी दार लावून घेतलं आणि सरळ रडले.

घरात अजून सात सापडतात. परवा टेबल हलवलं तर त्याच्या खाली एक, देवघर पुसलं तर त्याच्या मागं एक. कुकर बिघडला तर आता ईराच तो आधी उलटा करते आणि म्हणते, "काकांनी बघितलाय, चालेल." मराठीत म्हणते. काका रविवारी व्हिडिओवर भेटतात, पोलिश पोरांना गॅलरीत अंगठे धरायला लावतो म्हणून सांगतात, आणि बोलता बोलता फोन, कप, हाताला येईल ते उलटं करत राहतात. त्यांच्या मागच्या फळीवर ईरानं रंगवलेला तो पुठ्ठ्याचा डबा असतो. त्यांचं नाव मी इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. ते त्या डब्यावर आहे, चुकलेल्या वेलांटीसकट. अख्ख्या खोलीत तेवढी एकच वस्तू त्यांनी पुन्हा कधी उलटी केलेली मला दिसत नाही.