स्क्रीनच्या काठाला तुटलेली ओळ

राज्याची वाटणी चालू होती त्या वर्षांत मी हैदराबादच्या एका सरकारी कार्यालयात कॉलेजकडून प्रशिक्षणाला होतो. कुठली माहिती कुठल्या राज्याकडे जाणार, यावरून सगळे एकमेकांच्या स्क्रीनकडे तिरक्या नजरेने बघायचे. मी मराठी, म्हणजे दोन्हीकडचा नाही. त्यामुळे दोघांनाही माझा संशय. प्रशिक्षण पुरं झाल्याचं पत्र मिळालं नाही तर माझं वर्ष जाणार होतं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्ष गेलं म्हणजे काय, हे मलकपेठच्या बाजारात कांद्याची पोती तोलणाऱ्या वडिलांना कसं समजावायचं, मला कळत नव्हतं.

एका दुपारी साहेबांनी बोलावलं. जुन्या युनिक्स सर्व्हरवर कोण काय चालवतंय, हे साहेब पीएस ही कमांड देऊन अधूनमधून बघत. यादीत माझ्या लॉगिनची एक ओळ होती: जमिनीच्या नोंदींची कॉपी चालू. कुठे, ते मात्र स्क्रीनच्या उजव्या काठाला तुटलं होतं.

"ये फाइलां किधर कू जा रे?"

मी म्हणालो, तुमच्याच सहायकांनी बॅकअप सांगितलाय, कार्यालयाच्या कपाटातल्या डिस्कवर. सहायक रजेवर होते. साहेबांनी स्क्रीनच्या त्या काठावर बोट ठेवलं.

ओळ तिथे संपत नाही, फक्त दिसत नाही, हे मला कॉलेजच्या लॅबमुळे माहीत होतं. तिथली मशिनं जुनी, सवयीही जुन्या. मी विचारून कीबोर्ड घेतला आणि पीएसपुढे सगळ्यांची कामं दाखवणारी एयूएक्स ही अक्षरं टाइप करून, ओळ पूर्ण दाखवणारा डब्ल्यू दोनदा दाबणार, तोच त्यांनी माझा हात थांबवला.

"डॅश किधर है मियां?"

त्यांना येणारे कमांडपुढचे पर्याय डॅश लावूनच लिहायचे असत. ही त्याआधीची, बिनडॅशची पद्धत आहे, असं मी चाचरत सांगितलं. पटलं नाही. मी काही बनावट दाखवीन म्हणून त्यांनी स्वतःच्या लॉगिनमधून, मला एकेक अक्षर म्हणायला लावून, टाइप केलं. शेवटी दोन डब्ल्यू. ओळी दुमडून पूर्ण दिसल्या. माझ्या ओळीच्या टोकाला कपाटातल्या डिस्कचाच पत्ता होता.

मला वाटलं, सुटलो.

"ऐसे और कितने अक्षरां है?" साहेबांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं: पुष्कळ आहेत, मलाही सगळे येत नाहीत. त्यांनी ते दोन डब्ल्यू आपल्या वहीत लिहून घेतले.

पत्र त्यांनी दिलं, शेवटच्या दिवशी. तोवर माझं टेबल फिरवून माझी स्क्रीन त्यांच्या खुर्चीकडे केलेली होती. मी एंटर दाबलं की तिकडून दोन डब्ल्यू ऐकू यायचे. टक, टक.