रुखवतातली तांब्याची कळशी

अक्षराला हसू नका. शाळा चौथीतच सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमत नव्हतं. पण आता हात अडतो आहे तो अक्षरामुळे नव्हे. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. जिला सांगायला हवं होतं त्या ताराला – तिला तर मुळीच नाही.

तारा माझी पाठची बहीण. माझ्या धाकट्या दिराशी, सदाभावजींशी, तिचं लग्न ठरलं होतं. सासरी माझं तोंड उघडत नसे. पलूसजवळच्या त्या भरल्या घरात माझं म्हणून बोलायला कुणी येणार होतं. ते मला हवं होतं – फार हवं होतं.

त्याच वर्षी नणंद कुसुम आजारी पडली. आधी कावीळ, मग हात थरथरू लागले, जीभ जड झाली. घास तोंडाशी नेता येईना. कुणी बाहेरची बाधा म्हणालं. मिरजेच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बत्ती धरून पाहिलं आणि घरातली वाचता येणारी बाई म्हणून मला बसवून समजावलं. अन्नपाण्यातलं तांबं हिच्या अंगाबाहेर पडत नाही, आधी लिव्हरमध्ये साचतं, मग मेंदूत. तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करा. आजार जन्माचा आहे, भावांतही असेल. धडधाकट दिसले तरी आणा, लिव्हर आतून गुपचूप खराब होतं.

माझ्या मालकांना तपासलं, काही निघालं नाही. राहिले सदाभावजी. कुसुमला पुन्हा दाखवायला न्यायचं होतं तेव्हा मामंजींनी पंचवीस रुपये हातावर ठेवले – "सदाला बी दावून आण."

कुसुमला आत बाकावर बसवून परत आले, तर भावजी दवाखान्याच्या फाटकाशीच थबकलेले. सुईला ते फार भीत.

"वैनी, मी काय आजारी दिसतुया व्हय? रगात काढायला माझंच अंग घावलं तुमाला?"

डॉक्टरांचं बोलणं मी त्यांना तिथंच सांगायला हवं होतं. सांगितलं का? नाही. आत काही निघालं तर लग्न मोडेल, एवढंच डोक्यात. "ऱ्हाऊ द्या मग," मी म्हणाले.

"लय उपकार झाले, वैनी!"

घरी मीच सांगितलं – दाखवलं, काही नाही म्हणाले. भावजी मागे उभे राहून हसत होते. त्यांना ती गंमत वाटली.

आणि ते पैसे? वडिलांना रुखवतातली कळशी जमत नव्हती. भावजींना कुसुमजवळ स्टेशनावर बसवून मी बाजारात गेले होते. त्या पैशांची तांब्याची कळशी घेतली आणि माहेरच्या माणसाबरोबर पाठवून दिली.

तीच कळशी घेऊन तारा नांदायला आली. रात्री भरून ठेवायची, सकाळी उपाशीपोटी नवऱ्याला त्यातलं फुलपात्रभर पाणी द्यायची – तब्येतीला चांगलं म्हणून. शेजारीच कुसुमसाठी मातीचा माठ. 'त्यांनाही माठातलंच दे', इतकंच म्हणायचं होतं. पण का, असं तिनं विचारलं असतं तर? दोन वर्षं मी रोज सकाळी ते फुलपात्र पाहिलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

मग भावजींचे डोळे पिवळे झाले. पाय सुजले, पोटात पाणी झालं. मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, याला इतके दिवस का आणलं नाही? "आनलं हुतं की!" मामंजी म्हणाले. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. मी पदर सारखा केला. परतताना मामंजी वाटभर त्या डॉक्टरांनाच दोष देत होते. तेही मी ऐकून घेतलं.

आठ दिवसांत भावजी गेले. तारा तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

कुसुम मुंबईहून येणाऱ्या गोळ्यांवर आहे. आता सुईत दोरा ओवते. तारा कळशी अजून चिंचेनं घासते, लख्ख ठेवते. माहेरी परत का जात नाही, असं कुणी विचारलं की माझ्याकडे बघून म्हणते, "अक्का हाय की हितं."

मी खाली बघते.

कोंबड्यांच्या अंड्यांचे पैसे माझे असतात. रुपया-आठ आणे करत ते मी कुसुमच्या गोळ्यांच्या पैशांच्या डब्यात टाकत आले, कुणाला न सांगता. काल शेवटचा रुपया टाकला. मामंजींचे पंचवीस रुपये पुरे झाले.