बायकोच्या पाठाचे तीन गुण

माझी बायको शाळेत मला ‘सर’ म्हणते आणि घरी कामापुरतंच बोलते. याला कारण मी आहे.

रत्नागिरीतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. या जूनमध्ये तिथं एक जागा निघाली आणि बायकोनं अर्ज केला. तिचं शिक्षण खेडला, मराठीतून झालेलं. बी.एड. लग्नाआधीचं. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून मांडवीचं आमचं घर तिला खायला उठत होतं. ही नोकरी तिला हवीच होती.

नमुना पाठ आठवीवर घ्यायचा होता. विषय मिळाला मोडल्स, म्हणजे कॅन, मे, मस्ट, शुड ही चिमुकली क्रियापदं. जमतं, परवानगी आहे, केलंच पाहिजे, करायला हवं, असं सगळं त्यांच्यावर चालतं. मी वीस-बावीस वर्षं तेच शिकवतोय. तिनं विचारलं, “अहो, जरा बसता का माझ्याबरोबर?”

बसलो आणि तिसऱ्याच वाक्याला ओरडलो. “कॅन आय गो काय? मे आय! आठवीतलं पोर हसेल तुला.”

“पोरं तर सगळीकडे कॅनच म्हणतात.”

“म्हणून तूही म्हणणार?”

तिनं पुस्तक मिटलं. “राहू दे. मी करते माझं. फक्त त्या दिवशी तुम्ही मागच्या बाकावर बसू नका.”

मी बसणार नाही म्हणालो. आदल्या दिवशी मुख्याध्यापिका म्हणाल्या, “सर, विषय तुमचा. पाठ तुम्हीच बघा.” नवऱ्यानं बायकोचा पाठ तपासू नये, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी लगेच ऐकलं असतं. मी हो म्हणालो. मला बसायचंच होतं.

मला बघून तिनं खडू दोनदा हातातून खाली ठेवला. मग मुलांकडे वळली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. पुस्तकातली वाक्यं तिनं घेतलीच नाहीत. “देवळात शिरताना चपला काढायच्या की नाही? काढायच्याच. मस्ट. आई एकटी भांडी घासतेय, तर मदत करावी की नाही?”

“करावी!”

“शुड. पण करता का?”

वर्ग हसला. पहिल्या बाकावर आमच्या गल्लीतली मुलगी होती, तिनं हात वर केला. “मिस, सर घरी भांडी घासतात?”

“सर कॅन,” ती म्हणाली. “सर शुड.” खुसखुस सुरू झाली. “सर माइट.” आणि मान तिरकी करून तिनं छताकडे पाहिलं, जणू पाऊस येतो की नाही याचा अंदाज घेतेय. पोरं बाकांवर हात आपटून हसली. दारातून डोकावणाऱ्या मुख्याध्यापिकाही हसल्या. त्यानंतर तिनं ज्याला उठवलं त्यानं स्वतःच्या घरातलं वाक्य बरोबर सांगितलं. माझ्या वर्गात हे असं कधी झालेलं नाही. मला तेव्हाच कळलं होतं. माझे कान तापले होते.

पाठानंतर टीका असते. आमच्या शाळेत सरावाला येणाऱ्या बी.एड.च्या मुलांना मी स्वतः बजावतो, आधी तीन गुण सांगायचे, मग दोष. समोरचा माणूस घाबरलेला असतो. त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे. मुख्याध्यापिकांच्या खोलीत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी सरळ दोषांवर गेलो. उच्चार मराठी वळणाचे. व्याख्या दिली नाही. वर्गात घरगुती विनोद.

“आणि गुण, सर?” मुख्याध्यापिकांनी विचारलं.

“फळ्यावरचं अक्षर चांगलं आहे.”

तिनं पदर सोडला. मी स्कूटर काढेपर्यंत ती रिक्षात बसून गेली होती. घरी मी म्हणालो, “तू पोरांसमोर माझं हसं केलंस.”

“हो. आणि तुम्ही मला कुणासमोर पाडलंत?”

“मी नियमानं बोललो.”

“नियमानं? मग दोन गुण कुठे गेले?”

आठ दिवसांनी शाळेचा फोन आला. आठवी तिला मिळाली नाही. इंग्रजीत अजून तयारी हवी, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या, म्हणजे माझंच म्हणणं. चौथीचा वर्ग देऊ केला. तिनं घेतला. आता ती सिटी बसनं जाते. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत विचारते, “सर, मे आय टेक धिस चेअर?” बाकीचे कौतुकानं म्हणतात, काय आदब आहे दोघांत! मी खुर्ची सरकवून देतो.

गेल्या रविवारी तिनं बांगड्याचं तिखलं केलं. मी तयारी करून आलो होतो. ओट्याजवळ उभा राहून म्हणालो, “तुझ्या पाठाचे गुण सांगायचे राहिलेत. मुलं तुला घाबरली नाहीत. उदाहरणं त्यांच्या घरातली होती. आणि शेवटच्या बाकावरचं पोरसुद्धा बोललं.”

तिनं ताटात भात वाढून घेतला, त्यावर तिखलं घातलं. एकच ताट.

“हे त्या खोलीत सांगायचं होतं, सर,” ती म्हणाली. “मला माहीतच होतं ते. मॅडमना नव्हतं.”

ती जेवायला बसली. मी उभाच होतो. थोड्या वेळानं सिंककडे वळलो आणि तिखल्याचं पातेलं घासायला घेतलं. त्यात माझा वाटा अजून होता, हे तिनं ओरडून सांगितल्यावर कळलं.