प्लेगसाहेब आणि सोपानची सुटका

बाररूममध्ये पक्षकारांपेक्षा किस्से जास्त जमतात. किश्शाला फी पडत नाही आणि पुढची तारीखही मिळत नाही, तिथल्या तिथं निकाल! इंदापूरच्या कोर्टात मी वकिली सुरू केली तेव्हा बाररूममध्ये बाई अशी मी एकटीच, त्यामुळं माझ्यापुढं किस्से जरा गाळून यायचे. पण सुरतेला प्लेग झाल्याची बातमी आली त्या वर्षीचे किस्से मला कुणी सांगायला नकोत. ते मी समोर बसून बघितलेत.

*

आमच्या भागात एकही पेशंट नव्हता. तरी बंदोबस्त हवा म्हणून एक साहेब नेमले गेले. त्यांचं नाव आणि खातं सांगत नाही, निवृत्त होऊन सुखात आहेत. माणूस वाईट नव्हता, फक्त हुकूम काढायची भारी हौस. आठवडी बाजार बंद, तमाशा बंद, कुस्त्या बंद. लोक त्यांना प्लेगसाहेबच म्हणायला लागले.

माझे सीनियर आबा एकदा त्यांच्याकडं चहाला गेले आणि सहज विचारलं, "साहेब, हे सगळं कुठल्या कायद्याखाली चाललंय?"

"आबा, माणसं मरायला लागल्यावर कायदा बघत बसू का?"

"अजून कोण मेलंय?"

"म्हणून तर वेळेवर हुकूम काढतोय!"

चहा संपवून आबा परत आले.

*

हे हुकूम गावोगाव दवंडीनं जायचे. निमगाव केतकीच्या अलीकडं एका गावात नामाराव नावाचे कोतवाल होते. त्यांनी हलगी वाजवून साहेबांचे सगळे हुकूम सांगितले आणि शेवटी पदरचा एक जोडला. "कोंबड्या डालून ठेवा हो, न्हायतर साथ पसरंल!"

खरी गोष्ट अशी की शेजारणीच्या कोंबड्या रोज त्यांची मेथी उकरायच्या. अख्ख्या गावानं निमूटपणे कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या. आबांनी त्यांना बाररूममध्ये बोलावून झापलं, "नामाराव, तुमाला हा अधिकार दिला कुणी?"

नामाराव शांतपणे म्हणाले, "आबा, सायबाला कुणी इचारलं न्हाय. मग मला कोण इचारतंय?"

आम्ही हसलो. पण आबा हसले नाहीत, आणि का ते मला थोड्याच दिवसांत कळलं.

*

सोपान हा त्याच गावचा ट्रक ड्रायव्हर. डाळिंबं घेऊन सुरतेला गेला आणि रिकामी गाडी घेऊन परत आला. साहेबांनी त्याला गावच्या शाळेतल्या एका खोलीत ठेवलं आणि दाराशी पोलीस बसवला. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, वाट बघितली आणि सांगितलं, याला काहीही नाही, सोडा. साहेब म्हणाले, "राहू द्या तरी. गाव घाबरलंय."

इकडं सोपानची बायको घरीच बाळंत झाली. दोन मुलांच्या पाठीवर मुलगी. सोपानला मुलीची फार आस होती. त्याची आई चालत एसटीपर्यंत आली, तिथून बाररूममध्ये आली आणि माझ्यासमोर बसली. "वकीलबाई, त्याला लेकीचं तोंड बघू द्या. दुसरं काय मागत न्हाय." मी तिला आबांकडं नेलं. आबांनी त्याच दुपारी अर्ज टाकला.

*

आमचे जज्जसाहेब मितभाषी. त्यांनी साहेबांना विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"ठणठणीत आहे म्हणाले, सर."

"मग कोंडलं कशाला?"

"लोकांच्या भल्यासाठी."

"भलं करायलाही अधिकार लागतो. तो तुम्हाला कुणी दिला, ते दाखवा."

साहेबांनी स्वतःच्याच हुकमांची फाईल पुढं केली. जज्जांनी पुढचं विचारलं, "सुरतेहून आलेल्या सगळ्यांनाच कोंडलंय का?"

आबा हळूच म्हणाले, "साहेबांचे मेहुणे सोडून." आदल्याच आठवड्यात मेहुणे सुरतेहून मिठाई घेऊन आले होते आणि साहेबांच्याच क्वार्टरमध्ये मुक्कामाला होते. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

साहेब घाम पुसत म्हणाले, "सर, ते कारनं आले होते!"

कोर्ट हसलं. जज्ज तेवढे हसले नाहीत. "राज्यघटनेत ट्रकवाला आणि कारवाला असा फरक केलेला मला तरी आठवत नाही. साथ असो नाहीतर नसो, माणसाला कोंडायचं तर कायद्यानंच कोंडावं लागतं. याला आजच्या आज सोडा."

*

आबांनी सोपानला स्वतःच्या जीपमध्ये घातलं, मलाही सोबत घेतलं. वस्तीवर पोचलो तर त्याची आई बाळाला दुपट्यात गुंडाळून दारातच उभी. "ये रं आत, बघ तुझ्या लेकीला."

सोपाननं अंगणात पाऊल टाकलं नाही. कडेच्या शेळ्यांच्या छपराखाली गेला, रिकामं पोतं अंथरलं आणि त्यावर बसला. "आये, लांबनंच दाव. लेकरू कवळं हाय, मी सुरतंवनं आलोय."

म्हातारीनं बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं. सोपान बघत राहिला. डोळे बाहीनं पुसायचा, परत बघायचा. आईनं दोनदा बोलावलं, तरी उठला नाही. "माजं घोंगडं अन् भाकरी हितंच दे," म्हणाला.

आबांचा पारा चढला. "आरं सोपान, डॉक्टरनं सोडलं, कोर्टानं सोडलं. आता आत जायला तुला कुणाची बंदी हाय?"

"कुणाचीच न्हाय, आबा," सोपान म्हणाला. "म्हणून तर बसलोय."